फियाटच्या तळाला भोक पडते तेव्हा

२०२३ च्या मार्च महिन्यातली एक रविवारची सकाळ. मालाडला मार्वे रोडजवळच्या आमच्या सोसायटीच्या आवारात बाबा नेहमीप्रमाणे गाडी सुरू करायला बसले. गाडी म्हणजे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. मुंबईत तिला अजूनही सगळे फियाटच म्हणतात, तेव्हा आपणही तसेच म्हणू. क्लच दाबण्यासाठी बाबांनी टाच टेकली आणि टाच खाली गेली. फार नाही, दोन बोटे. पण मोटारीच्या तळाने टाचेखाली दबायचे नसते. आम्ही रबरी चटई उचलली, तिच्याखालचा ओला नमदा उचलला, आणि पाहतो तो काय, तळहाताएवढ्या भोकातून आवारातली फरशी दिसत होती!

जन्मल्यावर इस्पितळातून घरी मी आलो तो याच गाडीतून. त्यामुळे ‘भंगारात द्या’ हा शेजाऱ्यांचा सल्ला आमच्या घरात कोणाला रुचला नाही. पण बाबांचे वय ७९, आणि खरा प्रश्न मायेचा नव्हताच. या गाडीत माणसाला बसू द्यावे की नाही, हा प्रश्न होता. खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नवी करावी लागते, आणि ते वर्षही नेमके तेच होते. बाबा म्हणाले, “तू पदार्थविज्ञान शिकवतोस ना? मग सांग, एवढ्याशा भोकाने काय बिघडते?”

प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला मला दीड महिना लागला. ते तुम्हाला सांगतो.

खोक्याचा तळ

मालट्रक तुम्ही खालून पाहिला असेल. त्याच्याखाली दोन लांब, जाड लोखंडी तुळया असतात. त्या सांगाड्याला चासी म्हणतात. इंजिन, चाके, वरची पेटी, सगळे या चासीवर बसवलेले असते. पेटीचा पत्रा सडला तर माल सांडेल, पण ट्रक मोडणार नाही.

फियाटला अशी वेगळी चासी नाही. इटलीत १९५३ साली ११०० जातीची ही नवी गाडी निघाली तीच मुळी चासीवाचून. तळ, बाजू, छप्पर, पुढची-मागची भिंत हे सारे पत्रे एकमेकांना जोडून एक खोके बनवायचे आणि त्या खोक्यालाच सगळा भार पेलू द्यायचा, अशी ही रचना. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘११०० डिलाइट’ बनू लागली, आणि १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले. नाव बदलले, रचना तीच राहिली. गाडी हलकी होते, पत्रा कमी लागतो, हा या रचनेचा फायदा. तोटा एवढाच की यात नुसता पत्रा असा कुठलाच नसतो. पायाखालचा पत्राही कामावर असतो.

यासाठी एक प्रयोग करा. बुटांचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके घ्या. झाकण काढून दोन्ही टोके दोन हातांत धरा आणि ओला टॉवेल पिळतात तसा खोक्याला पीळ द्या. खोके सहज वाकडे होईल. आता झाकण लावून चिकटपट्टीने चारही कडा नीट बंद करा आणि पुन्हा पिळून पहा. खोके जागचे हलणार नाही! झाकणाने असे किती वजन वाढवले? पण सहा बाजूंचे बंद खोके आणि पाच बाजूंचे उघडे खोके या पिळाच्या दृष्टीने दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत. गाडीचे एक चाक खड्ड्यात गेले की गाडीला असाच पीळ बसतो. आमच्या रस्त्यांवर तो दर पन्नास पावलांवर बसतो.

दारांच्या खाली, उंबरठ्याच्या जागी, दोन्ही बाजूंना पत्र्याची एक बंद नळी असते. गॅरेजात तिला सिल म्हणतात. तळाचा पत्रा तिलाच जोडलेला असतो. या सिलची गोष्ट तर याहून नवलाची आहे. एका कागदाची सुरळी करा, कड चिकटवा आणि पिळून पहा. मग कात्रीने ती लांबीच्या दिशेने चिरा आणि पुन्हा पिळा. गोल नळीसाठी याचे गणित असे : नळीच्या त्रिज्येला पत्र्याच्या जाडीने भागा, उत्तराचा वर्ग करा आणि तिनाने गुणा. बंद नळी चिरलेल्या नळीपेक्षा पिळाला तितक्या पट ताठ असते. त्रिज्या ४ सेंटिमीटर आणि जाडी १ मिलिमीटर घेतली तर ४० चा वर्ग १,६००, गुणिले ३, म्हणजे ४,८०० पट! गाडीची सिल गोल नसते, त्यामुळे तिचा आकडा निराळा येईल, पण मुद्दा तोच. गंजाने सिलचा सांधा उकलला की पत्रा जवळजवळ सगळा शिल्लक असतो आणि ताठपणा मात्र निघून गेलेला असतो. आमच्या सिलचा खालचा सांधा वीतभर उकलला होता.

तळपत्र्यावर उठवलेल्या लांबट पन्हळी तुम्ही पाहिल्या असतील. त्या शोभेसाठी नसतात. दोन पुस्तकांवर एक कोरा कागद आडवा ठेवा, तो आपल्याच भाराने लोंबेल. त्यालाच पंख्यासारख्या घड्या घाला, म्हणजे तो खोडरबराचे वजन खुशाल पेलेल. सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध तर जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी झाली की ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो.

बाबांना हे सगळे मी खोके पिळून दाखवले. त्यांनी खोके हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, “आणि पुढची बैठक कशाला बोल्ट केलेली असते?” तळालाच. हे मात्र मी सांगायचे विसरलो होतो. अपघातात बैठक जागेवर राहणे हेही त्या पत्र्याच्या जिवावरच असते.

गंज दिसतो तिथे नसतो

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, हे परीक्षानळीत खिळे ठेवून तुम्ही शाळेत पाहिलेच आहे. ते पुन्हा सांगत नाही. पण त्यातून एक कोडे सुटत नाही. आमच्या गाडीचे छप्पर आणि दारे उघड्या पावसात असतात. चटईखाली तेवढे पाणीही नाही, हवा तर त्याहून कमी. मग छप्पर शाबूत आणि तळाला भोक, असे का?

या कोड्याचे उत्तर केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांच्या पाण्याच्या एका थेंबाच्या प्रयोगात आहे. लोखंडाचा सपाट तुकडा पॉलिश कागदाने घासून लख्ख करा आणि त्यावर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवा. शाळेच्या प्रयोगशाळेत सरांना विचारून त्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचे आणि पोटॅशियम फेरीसायनाइडच्या सौम्य द्रावणाचे दोन-दोन थेंब मिसळता आले तर उत्तमच. सुरुवातीला सगळीकडे निळे-गुलाबी ठिपके उमटतील. पण थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा आणि कड गुलाबी होईल, आणि या दोहोंच्या मध्ये गंजाचे तपकिरी कडे दिसू लागेल.

याचा अर्थ काय? निळा रंग सांगतो की मध्यावर लोखंड विरघळून आयनांच्या रूपाने पाण्यात उतरत आहे. विरघळताना प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन धातूतच मागे ठेवतो. ते इलेक्ट्रॉन धातूमधून कडेला जातात. कडेला हवा जवळ असल्याने प्राणवायू भरपूर मिळतो. तिथे प्राणवायू, पाणी आणि इलेक्ट्रॉन मिळून हायड्रॉक्सिल आयन तयार होतात, म्हणून कड गुलाबी. दोन्हीकडचे आयन पाण्यातून एकमेकांकडे सरकतात आणि जिथे भेटतात तिथे गंज बसतो. म्हणजे हा थेंब ही एक छोटीशी बॅटरी आहे, आणि तिचे विरघळणारे टोक आहे ते प्राणवायू कमी असलेल्या जागी! गंज दिसतो एकीकडे आणि लोखंड खाल्ले जाते दुसरीकडे, झाकलेल्या बाजूला.

आता चटई डोळ्यांपुढे आणा. ओला नमदा म्हणजे मोठा पसरट थेंब. त्याच्या कडेला हवा, मध्यावर, टाचेच्या खाली, हवा जवळजवळ नाही. भोक नेमके तिथेच पडले.

मीठ कुठून आले, हे मालाडकरांना सांगायला नको. मार्वे, आक्सा, मढ, सगळा समुद्र पश्चिमेला हाकेच्या अंतरावर, आणि खाडी त्याहूनही जवळ. खारा वारा गाडीत मीठ आणून टाकतो. जुलैत स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते ना? हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतली वाफ ओढून घेऊन स्वतःच त्यात विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते, ते तर याहून पुष्कळ कोरड्या हवेतही ओलसर राहते. पावसाळ्यात मुंबईची सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे एकदा खारावलेला नमदा चार महिने वाळतच नाही.

आमच्या गाडीच्या बाबतीत आणखी एक तारीख लक्षात घ्यावी लागते. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आवारात गुडघ्याच्या वर पाणी होते आणि गाडी रात्रभर त्यात उभी होती. नंतर इंजिन उघडले, तेल बदलले, बैठका उन्हात वाळवल्या. चटईखालचा नमदा मात्र कोणी काढला नाही. आणि पुढे काही वर्षांनी एका गॅरेजात तळ ‘दुरुस्त’ करून घेतला, तेव्हा तिथल्या कारागिराने भोकांवर पातळ पत्र्याचे तुकडे डांबराने डकवले, खाचखळगे लांबीने भरले आणि वरून काळा रंग फासला. बिलात ‘नवा तळ’ लिहिले होते. डांबर आणि जुना पत्रा यांच्यामध्ये जी फट राहिली तिच्यात पाणी शिरले, हवा शिरली नाही. इव्हान्सच्या थेंबाचा मध्य आम्ही पैसे देऊन विकत घेतला!

आधी आधार, मग छिन्नी

दुरुस्ती आवारातच करायची ठरली. ओर्लेमहून एक वयस्क डेंटर आले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. आयुष्यभर त्यांनी फियाटचेच पत्रे सरळ केलेले. मी उत्साहाने छिन्नी उचलली तर त्यांनी ती काढून घेतली. “सर, आज काही कापायचे नाही. आज फक्त मापे घ्यायची.” तुम्हालाही सांगतो, हे काम वाचण्यासाठी आहे, घरी करून पाहण्यासाठी नव्हे. जॅकवरच्या गाडीखाली जाणे, ग्राइंडर, वेल्डिंग, यातले काहीही जाणकार माणसावाचून करायचे नसते.

कापण्याआधी मापे का? गाडीची पुढची आणि मागची चाके २ मीटर ३४ सेंटिमीटर अंतरावर आहेत. या दोन आधारांच्या मध्ये माणसे बसतात. म्हणजे गाडी ही दोन टोकांवर टेकलेली तुळई झाली. अशा तुळईचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. छप्पर दाबाखाली, तळ आणि सिल ताणाखाली. तळ सडला की गाडी मध्ये किंचित खचते. ती खचलेली असतानाच जुना पत्रा कापून नवा जोडला, तर तो वाकडेपणा कायमचा पक्का होतो आणि मग दारे लागत नाहीत.

म्हणून प्रथम बॅटरी सोडली, पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवली, बैठका काढल्या आणि चाके जोडलेली असतात त्या भक्कम जागांपाशी चार लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जायचे नाही, हा चाचांचा पहिला नियम. मग सिलखाली लांब जाड फळी धरून जॅक हलकेच टेकवला. फळी अशासाठी की भार वीतभर जागेवर न पडता पसरावा, नाहीतर अशक्त सिल चेपायची. जॅकचा दांडा थोडा-थोडा हलवत चाचा दाराची फट बोटाने चाचपत होते.

मी त्यांना फितीने कर्ण मोजायला सुचवले. दाराची चौकट १०० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच धरा. ती काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण सुमारे १३४.५ सेंटिमीटर येतील. आता तिचा वरचा भाग फक्त ५ मिलिमीटर पुढे सरकला असे समजा. पायथागोरसचा सिद्धांत वापरून पहा, एक कर्ण १३४.९ आणि दुसरा १३४.२ येईल. फरक ७ मिलिमीटरचा. सरकलेल्या अंतरापेक्षा कर्णांतला फरक मोठा, म्हणून चूक फितीवर चटकन दिसते. खरी चौकट अशी काटकोनी नसते, पण उजव्या आणि डाव्या दाराचे कर्ण एकमेकांशी ताडून पाहता येतात. आमच्या उजव्या बाजूला ६ मिलिमीटरचा फरक निघाला. चाचा म्हणाले, बोटाला तेवढाच लागत होता. दोन्ही मापे जुळल्यावर दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या तिरप्या जोडल्या, म्हणजे चौकट आता हलू शकत नव्हती. त्रिकोण मोडल्याशिवाय आकार बदलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

दुसऱ्या दिवशी कापले. तेही एकाच बाजूचे. उजवी पूर्ण झाल्याशिवाय डावीला हात लावला नाही.

तयार तळपत्रा मिळतो का ते पाहायला मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलो होतो. भंगारात निघालेल्या दोन फियाट टॅक्सींचे तळ तिथे दाखवले गेले. दोन्ही आमच्याहून सडलेले! (त्याच वर्षी, ३० ऑक्टोबरला, मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमच्या गेल्या. २० वर्षांची मुदत होती आणि शेवटची नोंदणी २००३ ची होती.) शेवटी १ मिलिमीटर जाडीचा कोरा सीआर पत्रा आणला. चाचांनी लाकडी ठोकळ्यात खाच करून त्यावर हातोडीने पन्हळी उठवल्या. जाड पत्रा घ्यावा असे मला वाटत होते. त्यांचे म्हणणे पडले की जुन्या पातळ पत्र्याला जाड पत्रा जोडला तर जोडाच्या कडेलाच सगळा ताण साचतो आणि तिथे तडा जातो. ते खरे आहे.

कारखान्यात हे पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले असतात. दोन पत्रे तांब्याच्या टोकांमध्ये दाबून क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह सोडला की तेवढीच जागा वितळून एक होते. हे ठिपके ड्रिलने एकेक करून मोकळे केले. नव्या पत्र्याला कडेने भोके पाडून ती सीओटू वेल्डिंगने भरली. इथे माझ्या मनात होते की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावे, म्हणजे काम नीटनेटके दिसेल. पण पोलादाचा एक मीटर तुकडा एका अंशाने तापवला तर सुमारे १२ मायक्रोमीटर वाढतो. ३० सेंटिमीटरची कड ५०० अंशांनी तापली तर जवळजवळ १.८ मिलिमीटर वाढेल. शेजारचा पत्रा थंडच, मग वाढलेली कड जाणार कुठे? ती फुगते आणि पत्रा कढईसारखा होतो. म्हणून चाचा एक टाका इथे मारीत, पुढचा हातभर लांब, आणि हात लावता येईल इतका पत्रा निवेपर्यंत विडी ओढायला फाटकाबाहेर जात. त्या विडीमागे एवढे पदार्थविज्ञान आहे हे मला चौथ्या विडीला कळले.

सांध्यांच्या आतल्या बाजूला जस्ताचा रंग लावला होता. लोखंड आणि जस्त एकत्र ओले झाले की जस्त आधी विरघळते आणि लोखंड वाचते. मात्र जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याचा धूर अंगात गेला तर ताप भरतो, म्हणून वेल्डिंग चालू असताना मोठा पंखा लावून आम्ही वाऱ्याच्या बाजूला उभे राहत होतो, आणि वाळूच्या दोन बादल्या हाताशी होत्या. शेवटी सांध्यांत सीलर, दोन्हीकडून रेड ऑक्साइड, रंग, आणि सिलच्या पोटात पातळ केलेले मेण. डांबर नाही. सिलच्या खाली पाणी निथळायला कारखान्याने ठेवलेली भोके रंगाने बुजली होती, ती टोच्याने मोकळी केली.

घोड्या काढून गाडी चाकांवर उतरवली आणि तिरप्या पट्ट्या कापल्या, तेव्हा कोणी बोलत नव्हते. चाचांनी उजवे दार लोटले. ते लागले. पुन्हा उघडून बाबांनी लोटले. मग आत बसून त्यांनी टाच टेकली, दोनदा आपटली आणि म्हणाले, “आता डावीकडचे कधी?”

एका तुकड्याचा हिशेब

कापलेला जुना पत्रा मी कॉलेजात नेला. टाचेखालचा ३० सेंटिमीटर चौरस तुकडा होता, भोकासकट. पोपडे खरवडून, तारेच्या ब्रशने घासून त्याचे वजन केले, ते ४१० ग्रॅम भरले. नव्या १ मिलिमीटर पत्र्याचा तेवढाच तुकडा ९० घन सेंटिमीटर, लोखंडाची घनता ७.८७, म्हणजे ७०८ ग्रॅम. २९८ ग्रॅम लोखंड गेले. ते जाताना फुगून गेले : एका घन सेंटिमीटर लोखंडाचा जवळपास तीन घन सेंटिमीटर गंज होतो, म्हणूनच सांध्यात शिरलेला गंज दोन पत्रे पाचरीसारखे उकलतो.

आता चटईखालच्या बॅटरीचा प्रवाह काढू. ५६ ग्रॅम लोखंड विरघळताना सुमारे १,९३,००० कूलोंब विद्युतभार वाहतो. म्हणजे २९८ ग्रॅमला सुमारे १०,२७,००० कूलोंब. २००५ च्या पुरापासून २०२३ पर्यंत १८ वर्षे, म्हणजे जवळजवळ ५६ कोटी ८० लाख सेकंद. भागाकार केला की १.८ मिलीअँपिअर येतात. विजेरीच्या छोट्या दिव्यालासुद्धा याच्या शंभरपटीहून जास्त प्रवाह लागतो. बाकी गंज पुराच्या आधीच सुरू झाला असेल तर हा आकडा आणखी कमी येईल.

डाव्या बाजूचा तुकडा २० सेंटिमीटर बाय २५ सेंटिमीटर होता आणि घासून त्याचे वजन ३१० ग्रॅम भरले. वर्षे तीच धरून तिथला प्रवाह तुम्ही काढा. त्या बाजूला आई बसत असे, आणि ती चपला काढून पाय वर घेऊन बसे.